इंजिनचे काम झाल्यावरही गाडी ऑइल खाते आहे? पुन्हा उघडण्यापूर्वी करायच्या तपासण्या

कसारा घाट चढताना माझ्या पेट्रोल गाडीचा रेडिएटरचा पाइप फुटला, इंजिन तापले आणि हेड पॅकिंग (इंजिनचा वरचा भाग, म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक यांच्यामधला पातळ थर) गेले. गाडी टोचन करून नाशिकला आणली, हेड उतरवले, ते मशिन शॉपमध्ये घासून सपाट केले, नवे पॅकिंग आणि नवी वॉल्व्ह सील (हेडमधले ऑइल वॉल्व्हच्या दांडीवरून खाली जाऊ न देणारी रबरी सील) टाकली. गाडी चालायला पूर्वीसारखी झाली. मात्र एका सर्व्हिसपासून दुसऱ्या सर्व्हिसपर्यंत ज्या गाडीत कधी वरून ऑइल घालावे लागले नव्हते, ती आता सातशे किलोमीटरमध्ये अर्धा लिटर ऑइल संपवू लागली. मिस्त्रींचे निदान तयार होते: हेड आता टाइट झाले, म्हणून खालून रिंगा (पिस्टनवरच्या कड्या) ऑइल वर फेकतात, हाफ इंजिन, म्हणजे रिंगा-बेअरिंगचे काम, करून टाका. मी ते केले. रिंगा, बेअरिंग, होनिंग (सिलिंडरची आतली भिंत घासणे), मजुरी आणि आठ दिवस रिक्षाने ये-जा एवढे सगळे झाल्यावरही ऑइल पूर्वीइतकेच जात राहिले. अखेर दोष निघाला तो इनलेट, म्हणजे हवा आत येण्याच्या, बाजूच्या दोन वॉल्व्ह सीलमध्ये. पहिल्या दुरुस्तीत बसवतानाच त्यांच्या कडेला चीर पडली होती, आणि दुसऱ्यांदा हेड उतरवले तेव्हा ‘ही तर नवीच आहेत’ म्हणून ती कोणी तपासलीही नव्हती.

या सगळ्यात एकदाही कोणी कॉम्प्रेशन गेज (सिलिंडरमधला दाब मोजण्याचे साधन) लावला नव्हता, आणि मीही तो लावा असे म्हटले नव्हते. दुरुस्तीनंतर सुरू झालेल्या दोषाचा शोध दुरुस्तीत हात लागलेल्या भागांपासूनच सुरू करायचा आणि मोजमाप हातात आल्याशिवाय इंजिन उघडू द्यायचे नाही, या दोन गोष्टी धरून पुढचा क्रम लिहिला आहे. यातले बरेचसे घरी करता येते. उरलेले गॅरेजमध्ये, पण तुमच्या डोळ्यांसमोर करून घ्यायचे आहे.

१. आधी हे जवळ ठेवा

कागदांमध्ये गॅरेजचे जॉब कार्ड, सुट्या भागांचे पार्ट नंबरसह बिल, मशिन शॉपचे स्वतंत्र बिल (हेड किती घासले, बोअर (सिलिंडरची आतली पोकळी) स्टँडर्ड ठेवला की ०.२५ किंवा ०.५० मिमी ओव्हरसाइज केला, हे त्यावर लिहिलेले असावे) आणि ऑइलचे बिल, म्हणजे ग्रेड आणि प्रमाण दोन्ही कळेल. मशिन शॉपचे बिल बहुधा गॅरेजकडेच राहते आणि आपल्याला एकत्रित आकडा सांगितला जातो, म्हणून ते मागून घ्यावे लागते. काढलेले जुने भागही परत मागा.

साधनांमध्ये १०० मिलीच्या खुणा असलेले मापाचे भांडे, स्वच्छ पांढरे कापड, टॉर्च, मोठा पुठ्ठा, वही आणि प्लग पाना पुरेसा आहे. मोबाइलला जोडता येणारा बारीक वायरचा कॅमेरा ऑनलाइन सहज मिळतो. तो नसला तरी अडत नाही, असला तर बरेच वाद मिटतात.

२. ऑइल नेमके किती जाते ते मोजा

‘खूप ऑइल जाते’ या वाक्यावर कोणतेही निदान होत नाही. गाडी सपाट जागी उभी करा. आपल्याकडे सोसायट्यांच्या पार्किंगला उतार असतो आणि तिथे पाहिलेली ऑइलची पट्टी (डिपस्टिक) दर वेळी वेगळेच सांगते, त्यामुळे जागा एकदा ठरवून घ्या आणि दर वेळी तिथेच मोजा. इंजिन गरम झाल्यावर बंद करून दहा मिनिटे थांबा, डिपस्टिक पुसा, पुन्हा घाला आणि मग वाचा. ऑइल वरच्या खुणेपर्यंत भरा आणि किलोमीटरचा फोटो काढा. पुण्याची एक फेरी आणि आठवडाभराचे शहरातले फिरणे मिळून साधारण ५०० किलोमीटर होतात. तेवढे चालवून त्याच जागी, त्याच पद्धतीने पुन्हा मोजा आणि वरची खूण गाठायला किती मिली ऑइल घालावे लागले ते लिहा. बहुतेक लहान गाड्यांमध्ये खालच्या आणि वरच्या खुणेतले अंतर सुमारे एक लिटरचे असते, पण हा आकडा तुमच्या गाडीच्या पुस्तिकेत पाहून घ्या.

हजार किलोमीटरला शंभर-दोनशे मिली जात असेल आणि इंजिन जुने असेल, तर मी त्यासाठी काहीही उघडणार नाही. काही कंपन्या आपल्या पुस्तिकेत हजार किलोमीटरला अर्धा लिटर किंवा त्याहूनही जास्त खप चालेल असे लिहितात. तो आकडा त्यांच्या सोयीचा आहे असे माझे मत आहे, पण वॉरंटीचा प्रश्न आला की तोच पुढे केला जातो, हे लक्षात असू द्या.

दोन सापळे इथेच आहेत. नव्या रिंगा बसवल्या असतील तर त्या बोअरमध्ये बसेपर्यंत, म्हणजे पहिल्या हजार ते दीड हजार किलोमीटरपर्यंत, थोडे ऑइल जाणे स्वाभाविक आहे. त्यामुळे पहिल्या पाचशेवरून निकाल देऊ नका, पुढच्या दोन पाचशेंचे आकडे कमी होत आहेत का ते पाहा. दुसरा सापळा डीपीएफ (धुरातली काजळी अडवणारा फिल्टर) असलेल्या डिझेल गाड्यांचा आहे. डीपीएफ साफ होण्यासाठी जे जादा डिझेल सोडले जाते, त्यातले थोडे चेंबरमध्ये (इंजिनच्या तळाच्या ऑइलच्या भांड्यात) उतरून ऑइलमध्ये मिसळते, पातळी वर जाते आणि खप झाकला जातो. पट्टी जागची हलली नाही, पण ऑइलला डिझेलचा वास येतो आणि ते पातळ लागते, असे असेल तर फसू नका.

३. गळती वेगळी काढा

जळणारे आणि गळणारे ऑइल पट्टीवर सारखेच दिसते. इंजिन आणि खालचा भाग धुऊन घ्या, रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवा आणि दोन-तीन दिवस पाहा. काम झालेल्या गाडीत टॅपेट कव्हरचे (हेडवरच्या झाकणाचे) पॅकिंग, ऑइल फिल्टरची रबर रिंग, ड्रेन बोल्टचा वॉशर, चेंबरचा जोड आणि इंजिन-गिअरबॉक्स यांच्यामधले मागचे सील या जागा टॉर्चने पाहायच्या. काही गळती फक्त चालत्या गाडीत होते आणि पुठ्ठा कोरडा राहतो. त्यामुळे महामार्गावर तासभर चालवून आल्याबरोबर खालून एकदा पाहावे. सायलेन्सर तापलेला असतो, हात लांब ठेवा.

४. धूर कोणत्या क्षणी येतो ते पाहा

रंगाइतकीच धुराची वेळ महत्त्वाची आहे. निळसर धूर ऑइलचा, काळा जादा इंधनाचा आणि गोडसर वास येणारा, न थांबणारा पांढरा धूर कूलंटचा. थंडीच्या दिवसांत नाशिकला सकाळी प्रत्येक गाडीच्या सायलेन्सरमधून पांढरी वाफ निघते आणि गाडी तापली की ती नाहीशी होते. तिच्यावरून घाबरून हेड उघडायला लावू नका. मागून चालणाऱ्या गाडीत कोणाला तरी बसवा आणि मोबाइलवर चित्रण करून घ्या, कारण चालकाला आरशात निळा आणि राखाडी यांतला फरक कळत नाही.

रात्रभर उभी असलेली गाडी सुरू करताच निळ्या धुराचा एक लोट येतो आणि मिनिटभरात थांबतो, तेव्हा पहिला संशय वॉल्व्ह सीलवर घ्यावा. रात्रीत हेडमधले ऑइल गाइडमधून (वॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळीतून) खाली झिरपलेले असते. घाट उतरताना गाडी गिअरमध्ये असते आणि अ‍ॅक्सिलरेटर सोडलेला असतो. अशा वेळी इनलेट मॅनिफोल्डमध्ये (सिलिंडरकडे हवा नेणाऱ्या नळ्यांमध्ये) जोराची ओढ तयार होते आणि खराब सीलमधून ऑइल आत खेचले जाते. खाली आल्यावर पाय दिला की तेच धूर होऊन बाहेर पडते. इगतपुरीहून कसाऱ्याकडे उतरताना किंवा सप्तशृंग गडावरून नांदुरीला येताना ही चाचणी आपोआप होते. माझ्या गाडीने ती दोन्ही ठिकाणी दिली होती, मला ती वाचता आली नाही. याउलट भरल्या गाडीने चढ चढताना, जोर देताना निळा धूर वाढत असेल तर रिंगा आणि बोअर यांच्याकडे पाहावे लागते. टर्बो गाडीत सिग्नलला बराच वेळ उभे राहून निघताना धूर येत असेल, तर टर्बोची सील किंवा त्याच्या ऑइल परतीची नळी संशयात घ्या.

धूर दिसत नाही म्हणून ऑइल जळत नाही असे समजू नका. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आणि डीपीएफ बराच धूर गिळतात, आणि शेवटी त्यातच खराब होतात. पेट्रोल गाडीची पीयूसी चाचणी कार्बन मोनॉक्साइड आणि हायड्रोकार्बन मोजते. ती पास झाल्यावरून इंजिन निरोगी ठरत नाही. उलट, दुरुस्तीपूर्वी सायलेन्सरमध्ये साचलेले जुने ऑइल दुरुस्तीनंतरही काही दिवस जळत राहते, त्यामुळे पहिल्या शे-दीडशे किलोमीटरमधला धूर हिशेबात धरू नका.

५. कमी खर्चाच्या गोष्टी आधी संपवा

पहिली गोष्ट म्हणजे जादा भरलेले ऑइल. इंजिनला ३.१ लिटर लागत असेल आणि डबा साडेतीन लिटरचा असेल, तर उरलेले कशाला ठेवायचे म्हणून पूर्ण डबा ओतणारे हात मी पाहिले आहेत. पातळी फार वर गेली की फिरणारा क्रँक ऑइल घुसळतो, त्याचा फेस होतो आणि तो ब्रीदरमधून (चेंबरमधला वायू नेणाऱ्या पाइपमधून) इनलेटमध्ये ओढला जातो. जादा ऑइल काढून पुन्हा मोजा. कधी कधी काम इथेच संपते.

दुसरी गोष्ट ग्रेड. पुस्तिकेत ५डब्ल्यू-३० लिहिले असेल तर बिलावर तेच आहे का ते पाहा. ऑइल जाते म्हणून २०डब्ल्यू-५० सारखे जाड ऑइल घालण्याचा सल्ला हमखास मिळतो. त्याने खप थोडा कमी दिसतोही, पण दोष तसाच राहतो, आणि ऑइलच्या दाबावर चालणारी व्हॅल्व्ह टायमिंगची यंत्रणा असलेल्या इंजिनांना ते मानवत नाही. बाटलीतली ‘धूर बंद’ औषधे मी निदान होईपर्यंत तरी वर्ज्य मानतो, कारण ती पुढच्या सगळ्या चाचण्यांचे आकडे बिघडवतात.

तिसरी आणि सर्वांत दुर्लक्षित गोष्ट म्हणजे पीसीव्ही वॉल्व्ह आणि ब्रीदर पाइप. रिंगांच्या बाजूने थोडा वायू चेंबरमध्ये उतरतच असतो. तो इनलेटमध्ये परत नेण्याची ही वाट. काम करताना पाइप दुमडला, चुकीच्या तोंडाला लागला किंवा कव्हर आतून न धुता परत बसवले, तर चेंबरमध्ये दाब वाढतो आणि ऑइल मिळेल त्या वाटेने बाहेर पडते. वॉल्व्ह आतच अडकून उघडा राहिला तर तो ऑइल सरळ इनलेटमध्ये ओढतो. इंजिन मंद गतीवर चालू ठेवून ऑइल भरण्याचे झाकण सैल करा: हलकी ओढ जाणवणे ठीक आहे, पण झाकण उडी मारू लागले किंवा भकाभका वाफ आली तर एकतर ही वाट बंद आहे किंवा रिंगांमधून वायू फार निसटतो आहे. सुटा करता येणारा पीसीव्ही वॉल्व्ह काढून हलवला की आत ‘खटखट’ वाजला पाहिजे. वाजतो म्हणजे तो निर्दोष आहे असे नाही, पण वाजत नसेल तर बदला. थ्रॉटल बॉडीकडे जाणारा पाइप आतून ऑइलने ओला आहे का, तेही याच वेळी पाहा.

६. प्लग आणि कॅमेरा

प्लग काढताना सिलिंडरच्या क्रमाने पुठ्ठ्यावर मांडा आणि फोटो घ्या. एकाच सिलिंडरचा प्लग काळा-ओला असेल आणि इतर कोरडे तांबूस असतील, तर दोष त्या एका सिलिंडरपुरता आहे: एखादे सील, एखादी तुटलेली रिंग. सगळेच सारखे ओले असतील तर पीसीव्ही, टर्बो, होनिंग अशा सर्वांना लागू होणाऱ्या कारणाकडे वळा. प्लगच्या वरच्या, चिनी मातीच्या भागावर ऑइल असेल तर ते जळालेले नसते. टॅपेट कव्हरच्या प्लगनळीचे सील गळत असते. हा फरक न समजल्याने इंजिन उघडल्याची उदाहरणे आहेत.

प्लगच्या भोकातून कॅमेरा सोडला तर पिस्टनचा माथा दिसतो. माथ्याच्या कडेने गोल पट्टा धुऊन काढल्यासारखा स्वच्छ आणि ओला असेल, तर ऑइल रिंगांच्या बाजूने वर येते आहे. बोअरच्या भिंतीवर होनिंगच्या तिरप्या, एकमेकींना छेदणाऱ्या रेषा दिसायला हव्यात. काम नुकतेच झालेले असून भिंत आरशासारखी गुळगुळीत असेल, तर होनिंग नीट झाले नाही किंवा बोअर ग्लेझ झाला. इनलेट मॅनिफोल्ड काढून वॉल्व्हच्या मागच्या बाजूला ओला काळा थर दिसला, तर गाइड आणि सील. माझ्या गाडीत तो दोन वॉल्व्हवर बोटभर साचला होता.

७. कॉम्प्रेशन समोर उभे राहून मोजून घ्या

इंजिन गरम, बॅटरी भरलेली, सर्व प्लग काढलेले, इंधन आणि इग्निशन बंद केलेले, थ्रॉटल पूर्ण उघडा: या अटी पाळल्याशिवाय घेतलेला आकडा वहीत लिहू नका. प्रत्येक सिलिंडरला सारखेच पाच-सहा फेरे द्यायचे. पेट्रोल इंजिनांचे आकडे साधारण १५० ते २०० पीएसआयमध्ये येतात, पण नेमकी मर्यादा कंपनीच्या मॅन्युअलची. त्यातही सिलिंडरांमधला फरक दहा-पंधरा टक्क्यांच्या आत असणे जास्त महत्त्वाचे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंच आहे आणि इथे हवेचा दाब सहा-सात टक्के कमी असतो. समुद्रकाठी १८० दाखवणारे इंजिन इथे १६८ च्या आसपास दाखवेल. तेवढ्यावरून रिंगा गेल्या असे कोणी म्हणाले तर हा हिशेब सांगा.

पेट्रोल इंजिनात आकडा कमी आला तर त्या सिलिंडरमध्ये चमचाभर ऑइल घालून पुन्हा मोजतात. आकडा ठळक वाढला तर रिंगा-बोअर, जवळपास तसाच राहिला तर वॉल्व्ह किंवा पॅकिंग. डिझेलला ही ओली चाचणी करू नये, आणि त्याचा गेजही वेगळा, जास्त दाबाचा लागतो. लीकडाउन टेस्टर असेल तर आणखी नेमके कळते: सिलिंडरमध्ये हवा भरून ती ऑइलच्या झाकणातून फुसफुसते (रिंगा), सायलेन्सरमधून (एक्झॉस्ट वॉल्व्ह), एअर फिल्टरकडून (इनलेट वॉल्व्ह), की रेडिएटरमध्ये बुडबुडे येतात (हेड पॅकिंग), ते ऐकायचे आणि पाहायचे.

इथे मोठी मेख आहे. कॉम्प्रेशन वरच्या दोन रिंगांवर ठरते. बोअरवरचे ऑइल खरवडून खाली नेण्याचे काम तिसऱ्या, ऑइल रिंगचे. ती कार्बनने जाम झाली किंवा चुकीची बसली तरी आकडे उत्तम येतात. म्हणून चांगले कॉम्प्रेशन पाहून रिंगांना सरसकट निर्दोष ठरवता येत नाही; त्यासाठी धुराची वेळ, प्लग आणि कॅमेरा एकत्र वाचावे लागतात. वॉल्व्ह सीलचा दोषही कॉम्प्रेशनमध्ये दिसत नाही. माझे चारही आकडे सारखे आणि भरपूर आले होते. धूर मात्र फक्त सकाळी आणि उतारानंतर येत होता, कॅमेऱ्यात पिस्टनच्या कडा कोरड्या होत्या, आणि ही तीन निरीक्षणे शेजारी ठेवल्यावर वरच्या बाजूशिवाय दुसरीकडे जाण्यासारखे काही उरले नाही.

८. कोणते काम झाले त्यावरून दोष शोधा

फक्त हेडचे काम झाले असेल तर वॉल्व्ह सील प्रथम पाहा. वॉल्व्हच्या दांडीच्या टोकाला लॉक बसण्यासाठी खाचा असतात आणि त्यांच्या कडा धारदार असतात. सील त्यावरून सरकवताना प्लास्टिकची टोपी किंवा निदान ऑइल लावलेली पातळ पिशवी वापरली नाही, तर सीलचा ओठ कापला जातो. काही इंजिनांत इनलेट आणि एक्झॉस्टची सील वेगळी असतात आणि त्यांची अदलाबदल होते. झिजलेल्या गाइडवर नवे सील टाकले तर ते थोडेच दिवस टिकते, म्हणून गाइडचा खेळ मोजला होता का, हे विचारा. साधे नायट्रिल रबर उष्णतेने लवकर कडक होते. व्हायटनचे सील महाग असले तरी तेच घ्यावे. जोडावर बोटभर सिलिकॉन फासण्याच्या सवयीमुळे आत गेलेले तुकडे हेडमधून ऑइल खाली परत जाण्याची भोके बंद करतात, मग ऑइल हेडमध्ये साचते आणि चांगल्या सीलनाही ते झेपत नाही.

हाफ इंजिन झाले असेल तर रिंगांची तोंडे एका रेषेत आली का, खूण असलेली बाजू वर आहे का, रिंग बोअरमध्ये घालून तिच्या तोंडाची फट फिलर गेजने मोजली होती का, हे प्रश्न विचारायचे. साधारण ७५ मिमी बोअरला वरच्या रिंगची फट ०.२ ते ०.३५ मिमीच्या आसपास असते, पण प्रमाण मॅन्युअलचे. झिजून अंडाकृती झालेल्या बोअरला नुसते होनिंग करून स्टँडर्ड रिंगा टाकल्या असतील, तर त्या कधीच नीट बसणार नाहीत. तिथे ओव्हरसाइज हाच मार्ग, आणि मशिन शॉपचे बिल याच वेळी उपयोगी पडते. काम झाल्यावर गाडी तासन्‌तास जागेवर मंद चालू ठेवण्याची प्रथाही घातक आहे. नव्या रिंगांना बोअरवर दाबणारा वायूचा दाब त्यात मिळत नाही आणि बोअर ग्लेझ होतो. त्यापेक्षा नाशिकच्या मुंबई नाका-द्वारकाच्या कोंडीत न अडकता मोकळ्या रस्त्यावर, वेग कमी-जास्त करत, मध्यम जोर देत पहिले काही शे किलोमीटर चालवावे.

टर्बो काढून लावला असेल तर त्याची ऑइल परतीची नळी उघडून पाहा. ती पॅकिंगने वा काजळीने अर्धी बंद असेल तर नवा टर्बोही ऑइल फेकतो. एअर फिल्टरची पेटी नीट न बसवल्याने आत गेलेली धूळ नव्या रिंगा किती लवकर खाते, ते द्राक्षाच्या हंगामात मातीच्या रस्त्यांवरून फिरणाऱ्यांना वेगळे सांगायला नको.

९. गॅरेजशी बोलताना

आरोप न करता वही, फोटो आणि चित्रण समोर ठेवा आणि एकच विचारा: उघडल्यावर काय सापडेल असे तुम्हाला वाटते, आणि कोणत्या चाचणीवरून? उत्तर ‘उघडल्यावर बघू’ असे आले तर गाडी घेऊन निघा. नाशिकच्या अंबड किंवा सातपूर औद्योगिक वसाहतीतल्या मशिन शॉपमध्ये रोज अनेक बोअर आणि हेड हाताळणारी माणसे असतात, आणि माझ्या प्रकरणात कॉम्प्रेशन मोजलेस का हा प्रश्न तिथल्याच एका वयस्क कारागिराने प्रथम विचारला. सील बदलायला दर वेळी हेड उतरवावेच लागते असेही नाही. अनेक इंजिनांत सिलिंडरमध्ये हवेचा दाब धरून वॉल्व्ह वर ठेवतात आणि सील वरूनच बदलतात. हे करणारा माणूस शोधणे मजुरीच्या हिशेबाने फायद्याचे पडते.

दोष दुरुस्तीतलाच आहे हे कागदावर सिद्ध होत असेल आणि गॅरेज दाद देत नसेल, तर आधी लेखी तक्रार देऊन पोच घ्या. राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार जिल्हा आयोगाकडे तक्रार करण्याची मुदत कारण घडल्यापासून दोन वर्षांची आहे. दुसऱ्या गॅरेजने इंजिन उघडण्यापूर्वी पहिल्याला लेखी कळवा आणि उघडताना चित्रण करा, नाहीतर चीर पडलेले सील कोणी बसवले होते, यावरच वाद सुरू होतो.

काम झाल्यावर दुसऱ्या मुद्द्यातले मोजमाप पुन्हा करा: तीच सपाट जागा, तीच दहा मिनिटे, तेच ५०० किलोमीटर. सील बदलल्यानंतर माझ्या वहीत पहिल्या पाचशेला ४० मिली आणि पुढच्या पाचशेला पट्टीवर दिसण्याजोगा फरक नाही, अशी नोंद आहे.